मत आणि मीपणा

शिक्षकाला पुस्तकें शिकविण्याबरोबर आणखी एक काम करावें लागतें, तें न्यायाधीशाचें. मधली सुट्टी संपली, कीं दोन मुलें धापा टाकीत पुढें येऊन उभीं राहतात. एकाच्या सदऱ्याची गुंडी तुटलेली असते, दुसऱ्याचा गुडघा धुळीनें भरलेला असतो. "भांडण कशावरून झालें?" असें विचारलें, तर एक म्हणतो, "चेंडू रेषेबाहेर गेला होता." दुसरा म्हणतो, "नव्हता गेला." येथपर्यंत हा साधा मतभेद होय. परंतु आणखी थोडी चौकशी केली, कीं चेंडू कोठल्या कोठें नाहींसा होतो. "तो मला खोटारडा म्हणाला." "त्यानें सगळ्यांदेखत माझी टर उडविली." चेंडूचा वाद दोन क्षणांत मिटण्यासारखा होता, पण चेंडूच्या जागीं आतां "मी" येऊन बसलेला असतो, आणि हा "मी" फार जड असतो. तो हलवितां हलवितां पुढच्या तासाची घंटा होते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या ह्या भांडणांना आम्ही वडील माणसें हसतों. पण खरें सांगावयाचें, तर आमचींही भांडणें ह्याच वाटेनें जातात. आपल्या वऱ्हाडांत धुऱ्याचा तंटा ठाऊक नाहीं, असें गांव विरळा. माझ्या पाहण्यांतील एका गांवीं दोन चुलत भावांत असाच तंटा लागला होता. वादाची जमीन ती केवढी? पऱ्हाटीच्या दोन ओळी मावतील एवढी! त्या पट्टीचें दहा वर्षांचें उत्पन्न एकत्र केलें, तरी वकिलाची एका वर्षाची फी भागली नसती. तालुक्याच्या कोर्टांतून तंटा जिल्ह्यास गेला. एकानें बैलजोडी विकली, दुसऱ्यानें मुलीचें लग्न दोन वर्षें पुढें ढकललें. त्यांतल्या थोरल्यास मी एकदां म्हटलें, "बाबा, एवढ्या जागेंत असें आहे तरी काय?" तो म्हणाला, "मास्तर, वावर गेलं त जाऊ द्या, पन त्याच्यापुढं मान नाई वाकवनार." म्हातारा खरें बोलला. तंटा वावराचा नव्हताच, मानेचा होता. जमीन मोजणाऱ्या अंमलदाराला धुरा मोजतां येतो. मानेची मोजणी करणारी साखळी अजून कोणीं केलेली नाहीं.

ह्यावरून कोणी असें समजूं नये, कीं मतभेद ही वाईट गोष्ट आहे. ज्या घरांत सर्वांचें मत नेहमीं एकच असतें, त्या घरांत बहुधा एकच माणूस विचार करीत असतो. वर्गांत गणिताची रीत दोन मुलांनीं दोन प्रकारें मांडली, तर त्यांतून तिसऱ्याला अधिक कळतें. मतभेद हा चकमकीच्या गारेसारखा आहे. त्यांतून ठिणगी निघाली, तर चूलही पेटते आणि गंजीही पेटते. ठिणगी कोठें पडावी, हें ठरविणें मात्र आपल्या हातीं असतें. ह्या विषयाचा विचार करूं लागलें म्हणजे मला अकोल्याच्या एका विद्यार्थ्याची आठवण होते. त्याची गोष्ट तुम्हां सर्वांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

त्या विद्यार्थ्याचें नांव गोपाळ गणेश आगरकर. त्यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजीं सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडजवळील टेंभू गांवीं झाला. घरीं अठरा विश्वें दारिद्र्य. शिक्षणासाठीं ठिकठिकाणीं हिंडत, पडेल तें काम करीत ते वऱ्हाडांत अकोल्यास आले, आणि १८७५ सालीं अकोल्याहूनच मॅट्रिकची परीक्षा उतरले. तेथें विष्णु मोरेश्वर महाजनी हे विद्वान् गृहस्थ त्यांना शिक्षक लाभले. अशी गोष्ट सांगतात, कीं एकदां महाजनींनीं त्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली, तेव्हां ह्या गरीब मुलानें, मीही आपल्यासारखा एम्. ए. होऊन दाखवीन, अशा अर्थाचें उत्तर दिलें. गुरूच्या तोंडावर विद्यार्थ्यानें असें बोलावें! दुसरा एखादा शिक्षक त्या दिवसापासून त्याचा वैरी झाला असता. परंतु महाजनींनीं त्या शब्दांतला उर्मटपणा बाजूस ठेवला आणि त्यांतली जिद्द तेवढी उचलली; पुढें पुण्यास जाण्यासाठीं अकोल्याच्या शिक्षकांनींच आगरकरांना साह्य केलें, असें सांगतात. स्वाभिमान आणि अहंकार ह्यांतला भेद ह्या एका प्रसंगांत दिसतो. मुलाचा स्वाभिमान म्हणाला, "मी वर चढेन." अहंकार म्हणाला असता, "तुम्हांला खालीं ओढीन." आणि गुरूच्या ठिकाणीं अहंकार असता, तर महाराष्ट्र एका थोर माणसाला मुकला असता.

पुण्यास डेक्कन कॉलेजांत आगरकरांची बाळ गंगाधर टिळकांशीं गांठ पडली. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, म्हणजे दोघांच्या वयांत अवघें नऊ दिवसांचें अंतर! दोघे बुद्धिमान्, दोघे निःस्पृह. सरकारी नोकरीच्या मोठ्या पगाराकडे पाठ फिरवून लोकशिक्षणास जन्म वाहावयाचा, असा दोघांचा निश्चय झाला. १८८० सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व त्यांचे सहकारी ह्यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें, एम्. ए. होतांच आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारींत 'केसरी' निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकर होते. कोल्हापूर प्रकरणांतील लेखांबद्दल १८८२ सालीं दोघांनाही शिक्षा झाली आणि मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं एकत्र १०१ दिवस काढले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनीं पुढें पुस्तकरूपानें लिहिली आहे. रात्रीच्या वेळीं देशाच्या भवितव्याविषयीं दोघांच्या मोठ्यानें चर्चा चालत. मतें त्याही वेळीं भिन्न होतीं. पण कोठडी एक, हालअपेष्टा एक आणि ध्येय एक. म्हणून मतें भिन्न असूनही मनें भिन्न झालीं नाहींत.

पुढें १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज निघालें. काम वाढलें, नांव झालें, आणि येथूनच तडा दिसूं लागला. आगरकरांना वाटे, कीं बालविवाहासारख्या दुष्ट चाली ताबडतोब सुटल्या पाहिजेत आणि जरूर तेथें कायद्याचेंही साह्य घेतलें पाहिजे. टिळकांना वाटे, कीं परक्या सरकारानें आमच्या समाजांत कायद्यानें हात घालूं नये. लोक शिकले म्हणजे ते आपण होऊन सुधारतील. दोन्ही पक्षांत विचार होता. ह्या मतभेदास कोणी हलका म्हणूं शकणार नाहीं. १८८७ सालीं आगरकरांनीं 'केसरी' सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरांत आपला 'सुधारक' काढला. सोसायटीच्या आजीव सभासदांनीं बाहेर कमाई करावी कीं नाहीं, वेतन किती घ्यावें, ह्यावरूनही खटके उडाले, आणि १८९० सालीं टिळकांनीं लांबलचक राजीनामा लिहून सोसायटी सोडली. १८९१ सालीं संमतिवयाचें बिल आलें, मुलींच्या बाबतींत दहाचें वय बारा झालें, आणि त्या निमित्तानें दोन पक्षांत जें वाग्युद्ध माजलें, त्यांत तत्त्वाचे शब्द थोडे आणि जिव्हारीं लागणारे शब्द पुष्कळ होते.

एके काळीं एका कोठडींत राहिलेले हे दोन मित्र एकाच शहरांत राहून आपापल्या पत्रांतून एकमेकांवर बाण सोडीत राहिले. आगरकर दम्यानें खंगले होते. १७ जून १८९५ रोजीं, वयाचीं ३९ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्यांचा अंत झाला. त्या वेळीं टिळकांनीं 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. तो लेख सांगतांना त्यांचे डोळे पुन्हां पुन्हां भरून येत होते, असें सांगतात. जुना स्नेह वर आला, मृत्यूपुढें भांडणें लहान झालीं, आणि आगरकरांच्या बुद्धीची व लेखणीची थोरवी टिळकांनीं मोकळ्या मनानें सांगितली. लेख सुंदर होता, मनापासूनचा होता. त्यांत उणीव एवढीच होती, कीं ज्याच्याविषयीं तो लिहिला, त्याला तो वाचतां आला नाहीं.

मुलांनो, ह्या दोन थोर पुरुषांचा न्याय करण्याची माझी पात्रता नाहीं. त्यांच्या भांडणांत तत्त्व किती व मीपणा किती, हें परमेश्वरास ठाऊक. मी माझा न्याय करूं शकतों, आणि तोच येथें करणार आहें.

कित्येक वर्षांपूर्वीं मी एका शाळेंत नववीचा वर्गशिक्षक होतों. वर्गांत एक मुलगा होता; मराठी उत्तम, अक्षर मोत्यासारखें, पण गणितांत अगदीं कच्चा. वर्षअखेरीस त्याला वर चढवावें कीं मागें ठेवावें, असा प्रश्न शिक्षकांच्या बैठकींत निघाला. मी म्हणालों, "मागें ठेवावा." माझे एक सहशिक्षक म्हणाले, "त्याला एक संधि द्या." वाद वाढला. बोलतां बोलतां ते सर्वांसमक्ष म्हणाले, "आपण त्याच्या घराचा उंबरठा तरी ओलांडला आहे काय?" मी ओलांडला नव्हता. तो शब्द मला झोंबला. त्या संध्याकाळीं मी मुद्दाम चौकशी केली, तेव्हां कळलें, कीं मुलाचे वडील अंथरुणास खिळले आहेत आणि तो शाळा सुटल्यावर मजुरी करून घर चालवितो. सहशिक्षकांचें म्हणणें बरोबर होतें. मला तें रात्रींच पटलें. दुसऱ्या दिवशीं मुख्याध्यापकांनीं विचारलें, "आपण पुन्हां विचार केला काय?" वाचकहो, मी उत्तर दिलें, "माझें मत कायम आहे." मत कायम नव्हतें, तें रात्रींच बदललें होतें. मान तेवढी कायम होती.

जूनमध्यें शाळा उघडली, तो मुलगा आला नाहीं. कापसाच्या हंगामांत एके दिवशीं एका जिनिंगवरून जात असतां मला हांक ऐकूं आली. केसांवर, भुवयांवर, खांद्यांवर रुई बसलेली, ओळख पटेना. त्यानें हात जोडून नमस्कार केला आणि हसून विचारलें, "गुरुजी, बरे आहां ना?" त्याच्या मनांत माझ्याविषयीं राग नव्हता, असता तर मला बरें वाटलें असतें. त्या रात्रीं मी सहशिक्षकांच्या घरीं गेलों आणि सगळें सांगितलें. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मीही तुम्हांला एकटें गांठून सांगावयास हवें होतें. सर्वांसमक्ष जें बोललों, तें मुलासाठीं थोडें आणि तुम्हांला गप्प करण्यासाठीं पुष्कळ बोललों." मग आम्ही दोघे मिळून त्या मुलाच्या घरीं गेलों. पण घराला आतां त्याच्या मजुरीची संवय झाली होती. तो पुन्हां शाळेंत आला नाहीं. आम्हां दोन शिक्षकांचा समेट झाला. त्याची किंमत मात्र तिसऱ्यानेंच दिली. मीपणाचा हिशेब नेहमीं असाच असतो. खाणारा एक आणि देणारा दुसरा.

मग मीपणा टाकावयाचा म्हणजे आपलें मतच टाकून द्यावयाचें काय? मुळींच नाहीं. लोक शिव्या देतात, जिवंतपणीं आपली प्रेतयात्रा काढतात, म्हणून आगरकर गप्प बसले असते, तर तो नम्रपणा नव्हे, भित्रेपणा ठरला असता. मी स्वतःपुरती एक कसोटी ठरविली आहे, ती तुम्हांला सांगतों. वादांत माघार घ्यावीसें वाटलें किंवा घेऊं नयेसें वाटलें, कीं स्वतःला विचारावें, "मी मागें सरलों, तर नुकसान कोणाचें?" एखाद्या दुर्बलाचें, मुक्याचें, सत्याचें नुकसान होत असेल, तर पाय रोवून उभे राहा. पण केवळ आपलीच मान चार लोकांत खालीं जाणार असेल, तर ती खुशाल खालीं घाला. मान खालीं घातल्यानें कोणी मेल्याचें ऐकिवांत नाहीं. आगरकरांच्या डोळ्यांपुढें कोवळ्या मुली होत्या, म्हणून त्यांनीं मत सोडलें नाहीं. माझ्या डोळ्यांपुढें माझाच चेहरा होता, म्हणून मीही सोडलें नाहीं. बाहेरून दोन्ही हट्ट सारखेच दिसतात. आंतून त्यांच्यांत आकाशपाताळाचें अंतर असतें.

मतभेद असतांही माणसें एकत्र कशीं राहूं शकतात, ह्याचा दाखला पाहावयाचा, तर दुसऱ्या एका टिळकांचें घर पाहावें. आपल्या शेजारच्या नागपुरांत कांहीं काळ राहिलेले कवि नारायण वामन टिळक ह्यांनीं त्याच १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. कित्येक वर्षें पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिलीं. टिळकांचा स्वभाव मोठा तापट, आणि लक्ष्मीबाईही कांहीं कमी मानी नव्हत्या. तरी पुढें दोघें एकत्र आलीं. लक्ष्मीबाई त्या वेळींही आपलें सोंवळें सांभाळीत, त्यांचा स्वयंपाक निराळा असे. टिळकांनीं त्यांच्यावर आपल्या मताची सक्ति केली नाहीं. पुढें लक्ष्मीबाईंनीं स्वतःच्या विचारानें आपला मार्ग ठरविला. शेवटीं कोणी कोणाचें मत घेतलें, हा येथें मुद्दा नाहीं. मुद्दा हा, कीं मतें जुळण्याची वाट न पाहतां एकाच छपराखालीं दोन चुली त्यांनीं चालवून दाखविल्या. दोन चुली चालतात. दोन अबोले चालत नाहींत. १९१९ सालीं टिळक वारले, तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' हें काव्य अपुरें राहिलें होतें. तें लक्ष्मीबाईंनींच पुढें पुरें केलें. त्यांचें 'स्मृतिचित्रें' हें पुस्तक तुमच्या घरांत नसेल, तर पालकांनीं तें अवश्य मुलांच्या हातीं द्यावें. पतीचा तापटपणा आणि स्वतःचे हट्ट त्यांनीं त्यांत सारख्याच मोकळेपणानें सांगितले आहेत. ज्याला स्वतःवर हंसतां येतें, त्याच्याजवळ मीपणा फार दिवस मुक्काम करीत नाहीं.

आतां विद्यार्थ्यांना चार शब्द. वाद करतांना दुसऱ्याचें म्हणणें आधीं आपल्या तोंडानें मांडून दाखवा. "होय, मला हेंच म्हणावयाचें होतें," असें तो म्हणाला, कीं मगच आपलें उत्तर सुरू करा. पुष्कळ भांडणें येथेंच संपतात, कारण आपण ज्याच्याशीं भांडत होतों, तें त्याचें म्हणणें नव्हतेंच, असें आढळून येतें. दुसऱ्याची चूक एकांतांत सांगा आणि गुण चारचौघांत सांगा. आपण सारे नेमकें ह्याच्या उलट करितों. आपली चूक कळतांच त्याच दिवशीं ती कबूल करा. राग मनांत ठेवून सूर्यास मावळूं देऊं नये, असा प्रेषित पौलाचा उपदेश आहे. त्यांतलें शहाणपण हें, कीं रात्रभर मुरलेला राग सकाळीं तत्त्वाचा वेष घालून बाहेर पडतो. तो मग रागासारखा ओळखूं येत नाहीं.

पालकांस माझी नम्र विनंती एवढीच, कीं मुलें हा धडा शाळेंत शिकत नाहींत, घरीं जेवावयास बसलेल्या पंगतींत शिकतात. आपण भावाविषयीं, शेजाऱ्याविषयीं, कचेरींतल्या सोबत्याविषयीं कोणत्या स्वरांत बोलतों, तें पाटावर बसलेलें मूल भाकरीबरोबर गिळीत असतें. ज्या घरांत वडील एकदां तरी मुलांसमोर "माझें चुकलें" असें म्हणाले आहेत, त्या घरच्या मुलांना तो शब्द जड जात नाहीं. ज्या घरांत तो शब्द कधींच ऐकूं आला नाहीं, तेथें आम्ही शिक्षकांनीं तो फळ्यावर शंभरदां लिहिला, तरी तो फळ्यावरच राहतो.

हा अंक तुमच्या हातीं पडेल, तेव्हां वर्ष संपत आलेलें असेल. परीक्षा होतील, उन्हें तापूं लागतील, आणि तुम्ही आपापल्या गांवीं पांगाल. वरच्या वर्गांतलीं कांहीं मुलें पुन्हां ह्या शाळेंत यावयाचीं नाहींत. जाण्यापूर्वीं प्रत्येकानें आठवून पाहावें, कीं ह्या वर्षांत आपण कोणाशीं बोलावयाचें सोडलें. भांडण कशावरून झालें, हें कदाचित् आतां दोघांनाही आठवणार नाहीं. त्याच्याकडे जा. मत बदललें नसेल, तर बदलूं नका. पण त्याच्याविषयींचा जो एक चांगला शब्द तुमच्या मनांत पडून आहे, तो त्याला ऐकूं येईल अशा रीतीनें बोलून टाका. असे शब्द मागाहून लिहिण्यासाठीं राखून ठेवूं नयेत.